घोरणारा बैल, घोरणारा माणूस



जालना जिल्ह्यात तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी, नाहीतर भावकीत तरी, दावणीला जनावर असेल. बैल घोरायला लागला, की शेतकरी जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. घरचा कर्ता घोरायला लागला, की आपण म्हणतो, दमलाय, झोपू द्या. या दोन घोरण्यांमागे दोन वेगळे घसे आहेत.

आधी बैल. त्याच्या घोरण्याचं एक ओळखीचं कारण म्हणजे नाकातला कृमी, शिस्टोसोमा नेझॅल. १९३३ साली राव यांनी त्याचं वर्णन केलं. नाकाच्या अस्तरातल्या शिरांत तो राहतो आणि तिथं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ होते. वाट अरुंद होते, शेंबूड गळतो. त्या शेंबडातून अंडी तळ्यात पडतात, त्यांतल्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतात. म्हशीलाही हा कृमी होतो, पण ती सहसा घोरत नाही.

म्हणजे बैल घोरायला बहुधा वाटेत काहीतरी आडवं यावं लागतं. एरवी त्याची वाट भक्कम असते. जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाचं हाड असतं. बैलात ते लहान हाडांच्या साखळीनं कवटीला टांगलेलं असतं. स्वरयंत्रही वर, मऊ टाळूच्या जवळ असतं. घोड्यात तर स्वरयंत्र आणि मऊ टाळू यांचा सांधा इतका घट्ट, की त्याला तोंडानं श्वासच घेता येत नाही.

माणसाचं तान्हं बाळ या बाबतीत जनावरांच्या जवळचं. त्याचं स्वरयंत्र वर असतं आणि ते मुख्यतः नाकानंच श्वास घेतं. पुढं स्वरयंत्र मानेत खाली उतरतं, जिभेचं मूळ घशात येतं. आपलं हायॉइड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही. ते स्नायूंवर तरंगतं. जिभेला असं मोकळं रान मिळाल्यामुळं आपले स्वर इतके स्पष्ट निघतात. नुसतं स्वरयंत्र खाली असणं मात्र आपली मिरास नाही. तांबड्या हरणाच्या नरातही ते खाली असतं, हे २००१ साली फिच आणि रेबी यांनी दाखवलं.

या मोकळेपणाची किंमत आहे. घास श्वासनलिकेच्या तोंडावरून न्यावा लागतो, ही अडचण डार्विननं १८५९ मध्येच नोंदवली होती. दुसरी किंमत झोपेतली. स्नायू सैल पडले, की हाडाचा आधार नसलेला घसा मिटू लागतो. आधी घोरणं, मग श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबणं. हे रात्रभर होत राहिलं, तर रक्तदाब वाढतो, दिवसा डुलक्या येतात. चपट्या तोंडासाठी पैदास केलेल्या बुलडॉगलाही हाच आजार होतो. तिथं थोबाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानानं कमी झालं नाही.

उपाय आहे. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. पण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाताना शेजारी झोपणाऱ्याला बरोबर न्या. श्वास थांबतो का, किती वेळ, हे तेच माणूस सांगू शकतं.