तापत्या मोटरीचे अनुकूली नियंत्रण



पिठाच्या गिरणीत, विहिरीवरच्या पंपात आणि भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएपी-7 इंजिनात एकाच जातीचे यंत्र फिरत असते, ते म्हणजे इंडक्शन मोटर. निकोला टेस्ला यांना तिचे अमेरिकी पेटंट 1888 साली मिळाले. तूरीनच्या गॅलिलेओ फेरारीस यांनीही त्याच वर्षी आपले स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. गिरणीतल्या साध्या मोटरीच्या रोटरला बाहेरून वीज जोडावी लागत नाही, घासून झिजणारे ब्रशही नसतात. त्यामुळे ती दणकट; पण रोटरमधला प्रवाह मोजायचा तरी कसा?

चार ध्रुवांच्या मोटरीत 50 हर्ट्झच्या विजेवर चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि रोटर किंचित मागे रेंगाळतो. या मागे राहण्यातूनच बळ निर्माण होते. क्षेत्राला गाठले, तर रोटरमध्ये प्रवाहच उरणार नाही. (विद्युतचुंबकीय प्रवर्तन दहावीत शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल.) 1970च्या सुमारास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी स्टेटरच्या प्रवाहाचे गणिताने दोन भाग पाडले : एक क्षेत्र उभारणारा, दुसरा फिरवण्याचे बळ देणारा. ही विभागणी मोठी देखणी आहे. मात्र तिच्या प्रचलित रूपात रोटरचा रोध आधीच ठाऊक असावा लागतो.

आणि तो स्थिर राहत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. रोटर शंभर अंशांनी तापला, तर वाढ जवळजवळ 40 टक्के. थंड मोटरीला अचूक बसलेले गणित काही तासांत चुकू लागते. मागितलेले बळ आणि मिळालेले बळ यांत अंतर पडते, वीज वाया जाते. मालगाडी चढावर असेल, तर ही चूक महागात पडते.

अनुकूली नियंत्रणाच्या एका पद्धतीत क्षेत्राचा हिशेब दोन वाटांनी मांडतात. पहिला स्टेटरच्या दाबावरून आणि प्रवाहावरून, त्यात रोटरचा रोध लागतच नाही. दुसरा प्रवाह, वेग आणि गृहीत रोध यांवरून. दोन्ही उत्तरांत फरक पडला, की गृहीत रोध थोडाथोडा बदलत नेतात, ती जुळेपर्यंत.

अगदी मंद वेगात मात्र पहिला हिशेबच डळमळतो, कारण दाब तोकडा पडतो. मोटर ओझ्याविना फिरत असेल, तेव्हा रोटरमध्ये प्रवाह जवळजवळ नसतो आणि रोधाचा अंदाज घ्यायला काहीच हाती लागत नाही. अशा वेळी दुरुस्ती थांबवून शेवटचे विश्वासार्ह मूल्य जपून ठेवतात. ओझे पुन्हा आले, की दुरुस्ती पुढे सुरू होते.