वण पिकेपर्यंत
(अध्यक्षीय भाषण)

चटका बसणे, पोळणे, भाजणे, होरपळणे. मराठीने भाजण्याच्या पायऱ्या केव्हाच पाडून ठेवल्या आहेत. सुश्रुतसंहितेनेही प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार मानले. आजचा डॉक्टरही आधी इजेची खोली पाहतो. कातडी नुसती लाल झाली असेल तर ती आठवडाभरात मागे काही न ठेवता बरी होते. फोड आला, तळ ओला गुलाबी दिसला आणि बोट लागताच रुग्ण कळवळला, तर इजा मधल्या थरापर्यंत गेलेली असते. कातडी पांढरी किंवा काळी, चामड्यासारखी झाली आणि टोचलेलेही कळेना, तर मज्जातंतूंची टोकेच जळलेली असतात. त्यामुळे ‘फारसं दुखत नाही’ म्हणणाऱ्या माणसाची जखम बहुधा सर्वांत खोल असते.

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीतून भोसरीला, तळवड्याला, चाकणला पाळीवर जाणाऱ्या कामगाराला भाजण्याचे प्रकार निरनिराळे भेटतात: डायकास्टिंगच्या यंत्रातून उडणारे सुमारे ७०० अंशांचे ॲल्युमिनियम, क्वेंचिंगचे तापलेले तेल, प्लेटिंगच्या टाकीतले आम्ल, इलेक्ट्रिक पॅनेलमधला भडका. वीज अंगातून गेली, तर बाहेरचा डाग रुपयाएवढा असू शकतो आणि आतले स्नायू शिजलेले असू शकतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. त्यात बळी गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या.

पहिला उपचार नळाचा. साधे वाहते पाणी २० मिनिटे धरावे, बर्फ लावू नये. अंगठ्या, बांगड्या सूज चढण्याआधी काढाव्यात. अंगाला चिकटलेले कापड भोवतीने कापावे, ओढू नये. टूथपेस्ट, हळद आणि शाई यांनी जखम झाकली जाते आणि तिची खोली डॉक्टरला दिसत नाही. एवढ्यासाठी जखम पुन्हा खरवडून धुवावी लागते.

रुग्णालयात पुढचा प्रश्न क्षेत्रफळाचा. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. वजन, टक्के आणि चार यांचा गुणाकार केला की पहिल्या २४ तासांत शिरेतून द्यायच्या द्रवाचे मिलिलिटर निघतात. ६० किलोचा कामगार ३० टक्के भाजला, तर ७,२०० मिलिलिटर. त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे. चाकणहून येताना वाहतुकीत दोन तास गेले, तर ३,६०० मिलिलिटर उरलेल्या सहा तासांत बसवावे लागतात. अर्थात हा आकडा सुरुवातीपुरताच. पुढे लघवी किती होते यावर वेग ठरतो.

जखम झाकण्याच्या बाबतीत मुंबईने स्वयंपाकघरातून दोन गोष्टी उचलल्या. डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून १९८५ मध्ये तिचा अहवाल दिला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरले. पान जखमेला चिकटत नाही. गॉज उपटताना रुग्णाच्या तोंडून निघणारी किंकाळी ज्याने ऐकली आहे, त्याला या साध्या गुणाची किंमत सांगावी लागत नाही. याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून कातडीचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही आणि ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षे टिकते. ही कातडी काही आठवड्यांचे पांघरूण असते. कायमची लागते ती रुग्णाची स्वतःचीच.

जखम भरली की घरी पाठवतात, आणि इथेच उपचार अर्धवट सुटतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ घेऊन भरलेली जखम बहुधा जाड, लाल, खाजरा वण सोडते. तो पिकायला, म्हणजे मऊ आणि फिका व्हायला, वर्ष-दीड वर्ष जाते. या काळात वण आकसत राहतो. मान भाजलेल्याला उशी हवीशी वाटते, काख भाजलेला हात अंगाशी धरतो. ज्या स्थितीत आराम, त्याच स्थितीत सांधा आखडतो. म्हणून उशी काढायची, हात बाजूला पसरून स्प्लिंटमध्ये ठेवायचा आणि व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचा. नुसते तेल चोळणे पुरत नाही. बोटाने वण पांढरा पडेपर्यंत दाबून गोल फिरवायचे. दाबाचे कपडे दिवसाचे २३ तास घालायचे. ते मापाचे लागतात, सैल पडले की बदलावे लागतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात नकोसे होतात. धुण्यासाठी दुसरा जोड नसला की तेवीसचे बारा तास होतात. सिलिकॉनची पट्टी, वणात स्टेरॉइडचे इंजेक्शन, लेसर आणि शेवटी आखडलेला सांधा सोडवणारी शस्त्रक्रिया हे पुढचे उपाय. त्यांतले बरेचसे, दुसरा जोड वेळेवर मिळाला असता तर टळले असते. कारखान्यांच्या पट्ट्यात भरलेल्या या परिषदेने नव्या यंत्रांच्या मागणीआधी या कपड्यांचा खर्च उपचाराच्या बिलात धरला जाईल, एवढे पाहावे.

कामावर परतणे हा वेगळा अध्याय. रोपण केलेल्या कातडीला घाम येत नाही. मोठा भाग भाजलेला माणूस भट्टीपाशी लवकर तापतो. त्याला पाळीत वारंवार पाणी, सावली आणि विश्रांती लागते. बोटांची टोके भाजलेली असतील तर हजेरीचे यंत्र ठसा ओळखत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिडहल्ल्यात सापडलेल्यांना दिव्यांग मानले. भट्टीत भाजलेल्याला मात्र बहुधा सांधा किती आखडला याच्या टक्क्यांवर दाखला मिळतो.

पिकलेल्या वणाला उन्हापासून जपावे, रोज मलम लावावे. दहा-वीस वर्षांनी जुन्या वणावर जखम उघडली आणि महिनाभरात भरली नाही, तर तिचा तुकडा तपासायला पाठवावा. अशा जखमेत कर्करोग निघू शकतो.