आधी काडतूस, मग बंदूक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, मोहर्ली येथे केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'बंदूकवाला' अशी करून दिली. खरं सांगायचं तर मी गोळ्या फारशा झाडल्या नाहीत. पोलीस खात्यातली माझी बहुतेक नोकरी शस्त्रागारात गेली. आम्ही त्याला 'कोत' म्हणतो. राउंड मोजून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, आणि झाडलेल्या राउंडची रिकामी पुंगळी मागायची. एक पुंगळी कमी भरली की अख्खी तुकडी गवतात वाकून शोधायची. पाढे पाठ करून घेणाऱ्या गुरुजींची तेव्हा रोज आठवण यायची.

मेळाव्याची जुळवाजुळव चालू असताना आपल्यातल्या तिघांनी मला फोनवर एकच प्रश्न विचारला. धानात रानडुकरं शिरतात, हरभरा रोही खातात, तर कोणत्या बोअरची रायफल घ्यावी आणि घरात काडतुसं किती ठेवावीत? तिघांनाही वेगवेगळं सांगण्यापेक्षा आज सगळ्यांसमोर बोलतो.

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. .३१५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५, साधारण ८ मिलिमीटर. बारा बोअरचा हिशेब मात्र निराळा आहे. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा बोअर. म्हणजे आकडा लहान झाला की नळी मोठी.

आता आपल्याकडे .३१५ हाच बोअर घरोघर का ऐकू येतो? ती फार भारी रायफल आहे म्हणून नव्हे. इंग्रजांच्या फौजेकडे .३०३ होती. फौजेची काडतुसं चोरीला जाऊन लोकांच्या बंदुकीत बसू नयेत, म्हणून फौजेचा बोअर रयतेला बंद केला. मग विलायतेतल्या कारखानदारांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी .३१५ काढली. १९०७ मध्ये .४५० बोअरवर बंदी आली, तीही याच भीतीपोटी. त्यावर मोठ्या शिकारीच्या साहेबांसाठी .४७० सारखे नवे बोअर निघाले. .३०३ आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही. या देशात बोअर नेहमी काडतुसावरूनच ठरत आला. म्हणून मी म्हणतो, आधी काडतूस कुठून मिळेल ते पाहा, बंदूक नंतर.

आपल्या जंगलात साहेब लोक शिकारीला येत. पुढे १९३५ मध्ये ताडोब्यात शिकार बंद झाली. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. वाघाची शिकार देशभर थांबली १९७० मध्ये आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या जमान्यातल्या विलायती रायफली काही जुन्या घरांत अजून आहेत. नक्षीकाम सुंदर, पण काडतूस मिळत नाही. कपाटाची शोभा! .३१५ आणि बारा बोअरची काडतुसं मात्र पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात. पितळी बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात, ती 'किरकी फॅक्टरी'ची, किरकी म्हणजे खडकी. आपल्या भद्रावतीलाही दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण तिथला माल तोफांचा. तो डुकरासाठी मागू नका.

आता मूळ प्रश्न. जागलीला बसलेल्या माणसाला डूकर दिसतं ते टॉर्चच्या उजेडात, वीस-पंचवीस पावलांवर. त्यासाठी .३१५ कशाला? ती गोळी डुकरातून आरपार जाईल, किंवा नेम चुकला तर एक किलोमीटर पलीकडेही माणूस मारेल. आपल्या बांध्या सपाट. डुकराच्या मागे दुसऱ्याचं मचाण असतं, आणि त्यावर आपलाच कुणीतरी भाऊ जागत असतो. पहाटे मोहफुलं वेचायला बाया निघतात, त्या अंधारात दिसत नाहीत. म्हणून माझं मत बारा बोअर, मोठा एलजी छर्रा, आणि पंचवीस पावलांच्या आत. त्यापलीकडे छर्रे पसरतात आणि जनावर नुसतं जखमी होतं. जखमी डूकर गवतात दबा धरून बसतं, आणि सकाळी त्याला सामोरा जातो तो बंदूकवाला नव्हे, गवत कापणारा.

पण हे सगळं परवाना असेल तर. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ आपल्या गावासाठीच लिहिल्यासारखं आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ज्यांच्याकडे जुना परवाना आहे त्यांनाही त्यांच्याकडे नावनोंदणी करावी लागते. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांसाठी सौर कुंपण आणि नुकसानीचा वेळेवर पंचनामा हाच रस्ता आहे. विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडणाऱ्यांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की त्या तारेला डूकर, वाघ आणि शेजाऱ्याचं पोर यांतला फरक कळत नाही.

ज्यांच्याकडे जुनी बारा बोअर आहे, त्यांनी काडतुसांकडे लक्ष द्या. किती ठेवायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि त्याहूनही कमी ठेवली तर उत्तम. वर्षाला चार राउंड लागणाऱ्याने पन्नास साठवले तर त्यातले निम्मे दमट होऊन जातात. काडतुसाला तेल लावू नका. बंदुकीला लावतात म्हणून लोक काडतुसालाही चोळतात, ते तेल टोपीत मुरतं आणि ऐनवेळी बार फुसका निघतो. चामडी पट्ट्यात कायमची खोचून ठेवू नका, पितळेवर हिरवा थर चढतो. जुनं कागदी काडतूस पावसाळ्यात फुगतं आणि नळीत अडकतं, त्याला ठोकून बसवू नका. उन्हात वाळवू नका, चुलीवरच्या फळीवर तर मुळीच ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यावर खरेदीची तारीख लिहा, जुनं आधी वापरा. बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका. कधी कधी तो उशिरा उडतो.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. पावती घेताना बोअर, बंदुकीचा नंबर आणि काडतुसं दिली असतील तर त्यांची संख्या, हे तिन्ही लिहून घ्या. परत घेताना तिथेच उभं राहून मोजा.

जेवणानंतर मी वडाखाली बसणार आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी फक्त परवान्याची वही आणावी, नोंदी बघून देतो. बंदूक कृपया घरीच ठेवा. बाई घाबरतील, आणि पाहुण्यांच्या जिप्सी इथूनच जातात.