गायरान : चुनखडीचा माळ आणि माणूस



निपाणीकडची तंबाखूची शेते मागे टाकून गोकाकच्या पलीकडे यादवाडच्या परिसरात गेले, की पायाखाली कलादगी खडकांतील चुनखडी लागते. रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण महाराष्ट्राच्या भूरचनेवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या खडकांचे वर्णन आहे. शंभर कोटी वर्षांहून जुन्या या समुद्रतळावर सूक्ष्म जीवांनी रचलेले थर आजही दगडात वाटोळ्या रेषांनी दिसतात. सह्याद्रीचा काळा पाषाण त्या मानाने कालचा. त्याला साडेसहा कोटी वर्षेच झाली.

चुनखडीच्या उघड्या माळावर माती पातळ आणि पाणी फटींतून झिरपून जाणारे. नांगर चालत नाही तेथे कुसळी, पवन्या अशी गवते तगतात. कुसळीच्या बीची शेपटी ओलाव्याने पिळा घेते व बी जमिनीत रुतवते. शेंडा खाल्ला गेला तरी गवत बुडख्यातून पुन्हा फुटते. म्हणून चराई ही माळाची वैरीण नव्हे. विसावा न देणारी चराई मात्र माती उघडी पाडते.

हा विसावा फिरस्त्या मेंढपाळाच्या रीतीतच होता. पाऊस पाहून कळप हलवणारे धनगर व कुरुबर एका माळावर फार काळ थांबत नसत. रात्री शेतात मेंढ्या बसवाव्यात, शेतकऱ्याला खत आणि मेंढपाळाला धान्य मिळावे, असा हा व्यवहार. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीस हालसिद्धनाथाची पावसापाण्याची भाकणूक ऐकण्यास मराठी व कानडी भाविक एकत्र बसतात, ते याच जीवनामुळे.

कायद्याने मात्र फिरस्त्याला जागा दिली नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने मोफत कुरणे राखली, पण चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरताच ठेवला. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६४ च्या महसूल कायद्यातही तत्त्व तेच राहिले. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. त्या निर्णयाने जमीन वाचू शकेल. ती राखण्याची रीत मात्र माणसांनाच जपावी लागेल.

आज यादवाडची चुनखडी सिमेंटसाठी खणली जाते. गवत पुन्हा फुटते, खडक फुटत नाही. ज्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो, तो कोणाचाच नाही असे मानणे सोपे असते. ग्रंथालयाच्या सभासदांना सामाईक धनाचा नियम वेगळा सांगावयास नको : पुस्तक न्यावे, वापरावे आणि दुसऱ्यासाठी वेळेवर परत करावे. माळाचाही नियम तोच आहे.