ऑस्करसाठी अडीचशे लिटर

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या जामा मशिदीच्या हौदातले मासे आणि कासवं पाहिलेली मंडळी तुमच्यात असतील. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत गेलेलं लहान मूल आधी हौदातले मासे बघतं, चक्कीकडे त्याचं लक्ष नंतर जातं. पण तो हौद असतो, पाणी मोकळं असतं. आज मला बोलायचंय ते काचेच्या पेटीबद्दल आणि तीत राहणाऱ्या एकाच मोठ्या माशाबद्दल.

या माशाचं नाव ऑस्कर. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. अंगावर काळ्या रंगात निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे आणि शेपटीशी डोळ्यासारखा एक गोल ठिपका. दुकानात तो मिळतो तेव्हा दीड-दोन इंचांचा असतो, दिसायला गोजिरवाणा. दुकानदार त्याची पिशवी बांधून देतो आणि हा मासा फूटभर वाढतो हे सांगायचं बहुधा राहून जातं. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे पोरगं दुसरीत असताना आणलेला मासा ते कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो.

आमच्याकडचा मासा विकत आणलेला नाही. गल्लीतले एक बँकेतले साहेब बदली होऊन निघाले. दोन फुटांच्या टाकीत त्यांचा ऑस्कर धड वळूही शकत नव्हता. "भाई, तुम्ही शायर माणूस, तुम्ही सांभाळाल," असं म्हणून ते निघून गेले. शायरीचा आणि मासे सांभाळण्याचा काय संबंध, हे मला अजून उमगलेलं नाही.

एका ऑस्करला कमीत कमी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी लागते. जागा आणि ऐपत असेल तर पाच फूट लांब, दोन फूट रुंद घ्यावी. चार फुटांची काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरांच्या थोडं वर पाणी बसतं. पाण्याचंच वजन अडीचशे किलो, वर काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड. म्हणून ती तळमजल्यावर किंवा भक्कम भिंतीला लागून ठेवावी, खिडकीच्या उन्हात कधीच नको. गवंड्याची पाणसळ लावून स्टँड सपाट करून घ्यावा आणि खाली थर्माकोलची शीट घालावी. एक कोपरा जरी खाली राहिला तरी काचेवर ताण येतो. झाकणही हवंच, हा मासा उडी मारतो.

आता मुख्य गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो विषारी. गाळणीतल्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी भरली, त्याच संध्याकाळी मासा सोडला आणि आठवड्यात तो गेला, तर लोक म्हणतात नजर लागली. नजर नाही, अमोनिया. जुन्या चालू टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. दुधाला विरजण लावतो तसंच हे. साहेबांकडून आलेला जुना स्पंज मी नव्या गाळणीत तसाच ठेवला. तो नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे विरजणच मारून टाकतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हातानं पिळायचा.

वनस्पती लावायच्या म्हटलं की जाणकार हसतात. ऑस्कर खोदतो, उपटतो, रात्रीतून सगळी मांडामांड बदलतो. नाजूक पानांची रोपं त्याच्यापुढे टिकत नाहीत. पण जावा फर्न आणि अनुबियास या दोन्हींची पानं चिवट असतात आणि दोन्हींना माती लागत नाही. त्यांचं आडवं खोड जाड लाकडाला दोऱ्यानं बांधून ठेवायचं. वाळूत पुरलं तर ते कुजतं. आठवड्या-पंधरवड्यात नाही, पण काही महिन्यांत मुळं लाकूड धरतात. लाकूड आधी पंधरा-वीस दिवस भिजत घालावं. तरी पाण्याला चहाचा रंग येतोच, त्याचं भय नको. लांब पात्यांची व्हॅलिस्नेरिया लावायची तर मातीच्या कुंडीत लावून वर मोठे गोटे रचावेत. तरीही तो एखादी कुंडी लवंडतो, हे गृहीत धरावं. कडेला मनी प्लांट टांगून मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवली तर नायट्रेट शोषायला त्याच्याइतकं बिनखर्चाचं झाड नाही. मुळांना जाळीचा आडोसा मात्र करावा. दिवे सहा ते आठ तास पुरेत, जास्त ठेवले की काचेवर शेवाळ चढतं.

तळाला बारीक वाळू घालावी, रंगीत खडे नकोत, तो ते तोंडात घेतो. मोठे दगड आधी तळावर बसवावेत आणि वाळू नंतर ओतावी, नाहीतर त्याच्या खोदकामानं दगड घसरून काच फुटायची. पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांत असावं. थंडीत हीटर लागतो आणि त्यावर संरक्षक जाळी लागते, कारण हा त्याला धडका देतो. उन्हाळ्यात उलट अडचण होते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तेव्हा हवेचा पंप चालू ठेवावा, आणि वीज जाते अशा गावी बॅटरीवरचा एक हाताशी असावा. खायला तयार गोळ्या द्याव्यात. जिवंत छोटे मासे टाकून गंमत बघणारे लोक आहेत, त्या माशांबरोबर रोग येतात हे त्यांना कळत नाही.

आता पाण्याचं. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. घागरी रांगेत लावून लोकांनी रात्री काढल्या. अशा गावात माशासाठी अडीचशे लिटर? शेजारच्या काकूंनी मला तोंडावर विचारलं, "भाई, तुमच्या माशाला रोज आंघोळ घालता की काय?" प्रश्न बोचरा होता आणि खराही होता. मी हिशेब मांडला. दर आठवड्याला पावभाग पाणी बदलावं लागतं, म्हणजे साठेक लिटर. झाडं कितीही असली तरी ते टळत नाही. पाणी बदललं नाही तर या माशाच्या डोक्यावर खड्डे पडतात, तो रोग मी दुसऱ्यांच्या टाकीत पाहिलेला आहे. पण काढलेलं पाणी गटारात जायला नको. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. आमचा मोगरा आणि काकूंचा कढीपत्ता आता त्याच पाण्यावर आहेत, आणि रविवारी काकूंची बादली जिन्याशी येऊन थांबते. पाण्यात औषध किंवा मीठ घातलं असेल त्या आठवड्यात मात्र बादली परत पाठवतो. नव्या पाण्यासाठी एक पिंप आहे, त्यात क्लोरीन मारणारे थेंब घालून मगच ते टाकीत जातं.

एवढ्यानं काकूंचा प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. पुन्हा तसा उन्हाळा आला तर खाणं कमी करायचं, म्हणजे घाण कमी होते, आणि तेवढ्यानं निभलं नाही तर मासा पाण्याच्या गावी कुणाकडे द्यायचा, हे घरात ठरवून ठेवलंय. एक करायचं नाही, त्याला तलावात किंवा नदीत सोडायचं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ऑस्कर असाच कालव्यांत पसरला आहे. आपल्याकडे काच चाटणारा सकर मासा हौशी लोकांनी सोडून दिला, आणि कोळ्यांची जाळी आता त्याच्या काट्यांनी फाटतात.

तर असा हा मासा. माणूस ओळखतो, मी खोलीत आलो की काचेशी येतो, पाहुणा आला की मागे सरतो. पाणी बदललं की रुसतो, वाळूवर कुशीवर पडून राहतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण तासाभरात स्वारी गोळ्या मागायला हजर. माझं वय सत्तावन्न, मासा चारेक वर्षांचा. भाच्याला सांगून ठेवलंय, स्पंज कधी पिळायचा, थेंब किती घालायचे, दिवा कधी विझवायचा ते एका वहीत लिहिलं आहे. वहीच्या मागच्या पानांवर माझ्या काही कविता आहेत. त्या वाचल्या नाहीत तरी चालतील, पुढची चार पानं मात्र वाचायची.