रोग ओसरला, तरी पहारा हवा



१९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्या वेळी वर्षाकाठी सुमारे ७.५ कोटी लोकांना हा ताप येई. घरोघर डीडीटी फवारल्याने १९६५ पर्यंत रुग्ण सुमारे एक लाखावर आले. रोग संपला असे वाटून पहारा सैल झाला. डासही डीडीटीला दाद देईनासे झाले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली.

अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणून रांजण व टाक्या दर आठवड्यास घासून कोरड्या कराव्यात आणि ताप येताच रक्त तपासून घ्यावे. फवारणी आरोग्य खात्याची. तिचे फळ टिकविणे गावाच्या हाती आहे.