थोरलेपण आणि शाळा



थोरले मूल अभ्यासात पुढे, धाकटे हूड, असे आपण सहज बोलून जातो. इंग्लंडच्या वैज्ञानिकांत ज्येष्ठ पुत्रांचा भरणा अधिक असल्याचे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ मध्येच नोंदविले होते. अर्थात, तेथे घरची इस्टेटही ज्येष्ठाकडेच जाई! पुढे नॉर्वेतील ख्रिस्टेन्सेन व ब्येर्केदाल यांनी २००७ मध्ये सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या सुमारे दोन लाख चाळीस हजार तरुणांच्या बुद्धिचाचण्या तपासल्या. थोरले सरासरीने दोन-तीन गुणांनी सरस ठरले. परंतु ज्यांचे वडील भावंड तान्हेपणीच दगावले होते, अशी दुसरी अपत्ये थोरल्यांच्याच बरोबरीस आली. याचा अर्थ, प्रश्न जन्मक्रमाचा नसून घरातील स्थानाचा आहे. रॉबर्ट झायन्स यांच्या मते थोरले मूल धाकट्यास शिकविते आणि शिकविताना स्वतःच अधिक शिकते.

मात्र ही नॉर्वेतील गणना केवळ मुलग्यांची. आमच्या बेळगावच्या घरात थोरली होती ती ताई. मला अक्षरओळख तिने करून दिली, पाढे तिने घोकून घेतले. चौथीनंतर तिची शाळा सुटली, ती आम्हां धाकट्यांचा पाळणा हलविण्यासाठी. त्याबद्दल घरात कोणालाच काही वाटले नाही, मलाही नाही. पुढे माझा पीएच्.डी.चा प्रबंध छापून आला, तेव्हा ताईने पदराला हात पुसून पहिले पान सावकाश वाचले आणि ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखविली.